भिंतीवर नसलेल्यांसाठी एक नारळ

टक्, टक्, टक्. लाकडावर लाकूड आपटल्याचे तीन कोरडे आवाज, आणि मग बंद खोलीचं दार उघडून वारा आत यावा तसा ऑर्गनचा सूर. पाचोऱ्याला आमच्या भाड्याच्या खोलीवरच्या माडीत हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला त्याला आता चाळीस वर्षं होत आली. हातात सहामाहीचे पेपर होते. ते तसेच ठेवून मी जिना चढलो.

वर बिल राहायचा. कोंबड्या कशा पाळाव्यात हे आम्हाला शिकवायला अमेरिकेहून आलेला उंच, लाजाळू, सदा उन्हाने भाजलेला मुलगा. त्याच्याकडे पेटीसारखा उघडणारा बॅटरीवरचा रेकॉर्ड प्लेअर होता आणि मोजक्या तबकड्या. त्यातल्या एका लहान तबकडीवर ‘द क्वॉरी लॅम्प्स’ असं छापलेलं होतं. म्हणजे खाणीतले दिवे. मला नावच आधी आवडलं.

“आमच्या ओहायोतली पोरं आहेत,” बिल म्हणाला. “दगडाच्या खाणीच्या गावची. एकच रेकॉर्ड निघाली त्यांची.”

मी तेव्हा शाळेत मराठी शिकवायला नुकता लागलो होतो. गाण्याचे इंग्रजी शब्द कळले नाहीत, पण चाल कळली. लगागा लगागा लगागा लगागा. चक्क भुजंगप्रयात. दूर कुठल्या खाणीच्या गावातली पोरं आमच्या वृत्तात गात होती, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. माझ्या अंगावर काटा आला होता, हे मी आजही शपथेवर सांगेन.

त्याच सुमाराला स्नेहसंमेलनासाठी मी नदीवर एक कविता लिहिली होती:

नदी चालली गाव टाकून मागे
कुठे जायचे ते कुणाला न सांगे

ती मी या चालीवर बसवली. वर्गात कविता सुरू करण्याआधी डस्टर टेबलावर तीनदा आपटायचा, टक्, टक्, टक्, की पन्नास पोरं एका दमात उचलायची. बिल गेला. प्लेअर घेऊन गेला आणि तबकडी मला देऊन गेला. पुढे माझ्याकडे कधी प्लेअर आला नाही. पण निवृत्त होईपर्यंत दर वर्षी नवा वर्ग ती चाल म्हणत राहिला. रॉक संगीत म्हणजे माझ्यापुरतं तेवढं एकच गाणं.

ही सगळी पार्श्वभूमी अशासाठी, की २००७ च्या ऑक्टोबरात मी ओहायोतल्या कोलंबसजवळच्या डब्लिनला, माझा मुलगा निखिल याच्याकडे, आलो होतो आणि ती तबकडी माझ्या बॅगेत होती. पत्नी गेल्यापासून सामानात जागा उरते.

एका सकाळी माझी सून अनघा पोहे परतता परतता म्हणाली, “बाबा, क्लीव्हलंडला ते रॉकवाल्यांचं मोठं म्युझियम आहे ना, हॉल ऑफ फेमचं. तुमचा बँड असेल का हो तिथे?”

“असेल का म्हणजे? असणारच.”

“एका रेकॉर्डवर?”

“अगं, एका कवितेवर लोक जन्मभर आठवणीत राहतात.”

ती हसली. अनघा नागपूरची. हसते तेव्हा समोरच्याचं म्हणणं तिला पटलेलं नसतं, पण बेत मात्र पक्का झालेला असतो. निखिलच्या ऑफिसात काहीतरी रिलीज होतं, त्याला शनिवार-रविवारही मोकळा नव्हता; पण घरून काम करत नातीकडे बघेन म्हणाला. “मी ड्राइव्ह करते,” ती म्हणाली. “दोन दिवस. एक मोटेल बुक करते.”

मी माझी तयारी केली. गौरव झालेल्या माणसाला भेटायला रिकाम्या हाताने जाणं आमच्या पिढीला जमत नाही. कदाचित तिथे त्या बँडमधलं कोणी भेटेल, निदान पत्ता तरी मिळेल, असा माझा भाबडा हिशेब. इंडियन स्टोअरमधून शेंडीवाला नारळ आणला. शाल माझ्याकडे होती, निवृत्तीच्या दिवशी शाळेने दिलेली, घडीही न मोडलेली.

“बाबा, री-गिफ्टिंग?” अनघाने विचारलं.

“शाली अशाच फिरतात गं. एकाच शालीने आमच्या तालुक्यात निम्मे सत्कार झाले असतील.”

शनिवारी सकाळी उजाडल्यावर निघालो. जाणाऱ्यांसाठी सांगतो: कोलंबसपासून क्लीव्हलंड हा आय-सेव्हन्टीवनचा सरळ रस्ता आहे, अडीच तास धरा. वाटेत सरकारी विश्रांतिस्थानं स्वच्छ आहेत. बाकं, टेबलं, गरम पाणी असतं, फक्त खायला यंत्रातल्या वेफर्सपलीकडे काही नाही. आम्ही धपाटे आणि दह्याचा डबा नेला होता. शेजारच्या टेबलावरच्या आजीबाईंनी वासाने मान वळवली, तर अनघाने त्यांना अर्धा धपाटा दिला. त्यांनी तो शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ला. मग म्हणाल्या, “हे जरा जागं करतं माणसाला.”

ऑक्टोबरातल्या ओहायोबद्दल काय लिहू? शाळेत आपण वसंतावर, वर्षेवर, शरदाच्या चांदण्यावर कविता पाठ केल्या. पण पानं गळायच्या आधी झाडं इतकी पेटतात हे कोणी शिकवलं नव्हतं. मेपलच्या रांगा अशा, की जणू डोंगरउतारावर कोणी निखारे पसरून ठेवलेत आणि धूर मात्र नाही. मी खिडकीला कपाळ टेकवून बसलो होतो. अनघाने रेडिओ बंद केला तेही मला उशिरा कळलं.

आणि मग क्लीव्हलंडच्या टोकाला तो तलाव. तलाव म्हणायला जीभ धजत नाही. पलीकडचा काठ नाही, लाटा आहेत, गलबतं आहेत, आणि पाणी गोडं. मी खाली उतरून ओंजळभर तोंडाला लावलं. “बाबा, पिऊ नका,” अनघा मागून ओरडली. मी प्यायलो नाही. फक्त जिभेला लावून पाहिलं. खरंच गोडं.

त्या पाण्याच्या काठावर ते संग्रहालय, काचेचा एक तिरपा डोंगर. तिकीट वीस डॉलरच्या आसपास, माझ्यासारख्या पिकल्या केसांना थोडी सूट. गाडी लावायला वेगळे पडतात. आत फोटो काढू देत नाहीत, हे आधीच लक्षात ठेवा.

दारात पिशवी तपासणाऱ्या धिप्पाड रखवालदाराने शाल बाजूला केली आणि नारळ बाहेर काढून उलटासुलटा करून पाहिला.

“सर, हे काय आहे?”

अनघा म्हणाली, “आमच्याकडे कोणाचा सन्मान करायचा असला की देतात.”

“कोणाला देणार? आतल्या कोणाला?”

“आत आहेत की नाहीत तेच बघायला आलोय,” मी माझ्या शाळकरी इंग्रजीत म्हणालो. “नसले तरी त्यांनाच.”

तो मोठ्याने हसला. “आत नसलेल्यांना द्यायचा असेल तर ट्रकभर लागतील हो.” आणि नारळ अगदी अलगद, बाळासारखा, परत पिशवीत ठेवला.

आत मी तीन तास काढले. झगमगते पोशाख, फुटक्या गिटारी, कोणा पोराने वहीच्या कागदावर खोडून खोडून लिहिलेलं गाणं. ती खाडाखोड बघून मला माझ्या वहीची आठवण झाली. तिथले सगळेच माझ्या वर्गात बसले असते तर शेवटच्या बाकावर बसले असते, आणि आज त्यांच्या चपलासुद्धा काचेआड होत्या. मला त्याचं हसू नाही आलं. उलट वाटलं, गाणाऱ्याच्या चपला जपणारा देश आहे हा.

सर्वांत शेवटी एक काळोखं दालन. सन्मान झालेल्यांच्या सह्या तिथे काचेवर उजळतात. पहिली तबकडी निघून पंचवीस वर्षं झाली की नाव विचारात घेतात, असं बाहेर लिहिलं होतं. म्हणजे माझ्या दिव्यांची पंचवीस वर्षं केव्हाच झाली होती. मी एकेक सही वाचत गेलो. कधी मान मागे टाकून, कधी वाकून. अनघा दुसऱ्या टोकाकडून वाचत आली. मध्यावर आमची गाठ पडली. तिने मान हलवली. मीही.

बाहेर चौकशीच्या टेबलामागे चंदेरी केसांच्या एक बाई होत्या. मी नाव सांगितलं. त्यांनी संगणकात पाहिलं, मग माझ्याकडे.

“नाही सापडत. वाईट वाटून घेऊ नका. रोज कोणी ना कोणी असं नाव घेऊन येतं. भिंत केवढी, आणि या देशात गॅरेजमध्ये बँड वाजवणारी पोरं किती.” मग कागदावर पूर्वेकडच्या एका जुन्या रेकॉर्डच्या दुकानाचा रस्ता काढून दिला. “तिथल्या फ्रँकला विचारा.”

जेवण वाटेतच उरकलं. इथे पोलंडहून आलेल्या लोकांची पिरोगी मिळते, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेली, उकडून मग लोण्यात परतलेली करंजी. दोघांत एक ताट पुरतं. वर कांदा मागून घ्या.

फ्रँक माझ्याच वयाचा, पाठीवर पांढऱ्या केसांची शेपटी बांधलेला. मी पाकिटातून तबकडी काढली तसा तो चष्मा लावून पुढे झाला, आणि नाव वाचून खाली बसला.

“हे कुठे मिळालं?”

“पाचोऱ्याला.”

“ते कुठेसं आलं?”

“जळगाव जिल्ह्यात,” मी म्हणालो. अनघाने डोळे मिटून घेतले.

त्याने मऊ ब्रशने तबकडी पुसली आणि सुई ठेवली. खरखर. आणि मग टक्, टक्, टक्.

चाळीस वर्षांनी. मी एका खोक्यावर बसलो. ऑर्गनचा तो वारा तसाच आला. पहिली ओळ आली, मी ओठांत म्हणू लागलो, नदी चालली गाव टाकून मागे, आणि दुसरी ओळ आली, आणि ती खाली गेली.

माझी वर गेली होती. तबकडीवरची दुसरी ओळ एकेक पायरी उतरत, अंधारात दिवा खाली न्यावा तशी खाली गेली. मी फ्रँकला पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा खाली गेली.

मी अनघाचा फोन घेऊन दुसऱ्या राज्यातल्या नेपरव्हिलला प्रमोदला लावला. प्रमोद माझा फार जुना विद्यार्थी, आता तिकडे बँकेच्या संगणकाचं काम करतो.

“सर? नमस्कार. मी मुलीच्या सॉकरला आलोय, मैदानावर आहे.”

“नदीची कविता म्हण.”

“आत्ता?”

“दोन ओळी.”

“सर, इथे सगळे गोरे पालक बसलेत हो.”

“प्रमोद.”

त्याने म्हटली. हळूच सुरू केली, पण दुसऱ्या ओळीला नेहमीसारखा आवाज मोकळा सुटला आणि वर चढला. मागे कोणीतरी टाळ्या वाजवल्या. “सर, सगळं ठीक आहे ना?” तो विचारत होता.

सगळं ठीक होतं. फक्त मला कळलं, की हे कसं झालं. आपल्या शाळांत कविता म्हणताना पहिली ओळ शिक्षक सांगतो आणि दुसऱ्या ओळीला अख्खा वर्ग उसळतो. पन्नास पोरं एकदम उठली की सूर खाली जाईल कसा? तो चढणारच. प्लेअर नव्हता, त्यामुळे मूळ सूर कोणी पुन्हा ऐकला नाही. वर्षावर्षाला पोरांनी ती चाल थोडी थोडी वर उचलत नेली, आणि मीही त्यांच्याबरोबर गेलो.

फ्रँक दरम्यान कुठेतरी फोन करत होता. “ऑर्गन वाजवणारी रूथ आहे अजून,” तो म्हणाला. “ड्रम वाजवणारा तिचा भाऊ डेल दोन वर्षांपूर्वी गेला. बाकीचे त्याआधीच. ती उद्या चर्चनंतर भेटेल म्हणते. पण सांभाळून हं. तिच्याकडे येतात ते काहीतरी न्यायलाच येतात.”

तलावाकाठच्या रूट सिक्सने पश्चिमेकडे निघालो. हा रस्ता चुकवू नका. उजव्या हाताला सतत पाणी, डाव्या हाताला भोपळ्यांचे ढीग मांडलेली शेतं, व्हर्मिलियनसारखी चित्रातली गावं. सँडस्कीजवळ मोटेल स्वस्तात मिळालं, कारण उन्हाळी गर्दी ओसरलेली असते. रात्री पर्च नावाचा तलावातला मासा तळून मिळतो. अनघाने खाल्ला, मी कोबीवर भागवलं. मला भूक नव्हती.

“बाबा, काय झालं? सापडल्या की त्या.”

“त्यांना सांगायला काय आलो होतो मी? की तुमचं गाणं आमच्याकडे जिवंत आहे. ते आहे का आता?”

“मग मूळ चालीत म्हणून दाखवा ना. फ्रँककडे दोनदा ऐकलीत.”

मी प्रयत्न केला. खोलीत, खिडकीशी, बाथरूममध्ये. दुसरी ओळ आली की गळा आपोआप वर जायचा. चाळीस वर्षांचा वर्ग मागे उभा होता.

रूथबाईंच्या गावाचं नाव लिहीत नाही; त्यांना ते आवडणार नाही. पांढरं लाकडी चर्च, मागे पाणी भरलेली जुनी दगडाची खाण. आम्ही शेवटच्या बाकावर बसलो. पन्नाससाठ माणसं, बहुतेक माझ्या वयाची. ऑर्गनपुढे निळ्या स्वेटरमधली एक लहानखुरी पाठ. तिने सूर धरला आणि मी तो ओळखला. वाजत होतं प्रार्थनागीत, पण हात तोच होता. दार उघडून वारा आत आला. छताच्या तुळया, बायकांच्या टोप्या, खिडकीतलं निळं काचकाम, सगळं त्या सुरावर किंचित उचललं गेलं असं मला वाटलं. आदल्या दिवशी काचेआड पाहिलेल्या सगळ्या गिटारी एका पारड्यात टाका; मी दुसऱ्या पारड्यात बसायला तयार आहे.

घर चर्चला लागूनच. त्यांनी सफरचंदाचा गरम रस दिला. टेबलाच्या पलीकडे हात मांडीवर ठेवून बसल्या.

“तुम्ही जुन्या रेकॉर्ड गोळा करणारे कलेक्टर आहात का?”

“नाही. मास्तर होतो.”

मी सगळं सांगितलं. बिल, कोंबड्या, माडी, डस्टर. अडलं तिथे अनघाने सांगितलं. कोंबड्यांना त्या हसल्या. मग म्हणाल्या, “म्हणून दाखवता?”

मी टेबलावर तीनदा टकटक केलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. ते डेलच्या काठ्यांचे ठोके होते. मी सुरुवात केली. पहिल्या ओळीला त्यांचा उजवा हात मांडीवरच चालू लागला, पट्ट्यांवर चालावा तसा. दुसरी ओळ आली. त्यांची बोटं खाली उतरली आणि माझा आवाज वर गेला.

हात थांबला. मी सगळं कडवं पुरं केलं, कारण अर्धी कविता सोडायची सवय नाही.

त्या म्हणाल्या, “सुंदर आहे. पण हे आमचं नाही.”

“हो,” मी म्हणालो. “मला कालच कळलं.”

“डेल दर वर्षी त्या म्युझियमला पत्र लिहायचा. मी हसायचे त्याला. भिंतीवर जे आहेत ते तिथे असायलाच हवेत, मला त्याचं काही नाही.” त्यांनी कप सरळ केला. “मला एवढंच वाटायचं, की कुठेतरी एका तरी माणसाने आम्ही वाजवलं तसं ऐकलं असेल. बस, तसंच. तुम्ही दारात आलात तेव्हा मला वाटलं, हाच तो.”

पिशवी पायाशी होती. शाल काढायला हात धजला नाही. ज्याचं गाणं आपण बदलून टाकलं त्याला कोणत्या तोंडाने शाल पांघरायची?

निघताना मी विचारलं, त्यांच्याकडे ती तबकडी आहे का. नव्हती. होत्या त्या तळघरात पाणी शिरलं तेव्हा गेल्या. मी माझी पाकिटासकट टेबलावर ठेवली. अनघाकडे आलेल्या कुठल्याशा पार्सलचं ते जाड पाकीट होतं, वर तिच्या पत्त्याची चिठ्ठी तशीच.

“ही तुमची आहे,” त्या म्हणाल्या.

“माझ्याकडे वाजवायला काही नाही. आणि यावर आहे ते तुम्ही वाजवलं तसंच आहे.”

परतीला रूट फोर धरला: बुसायरस, मॅरियन, मग ट्वेन्टीथ्रीने खाली. मका कापून झालेली उघडी शेतं, आणि त्यांच्यावर एवढं मोठं आकाश, की माणसाला आपल्या दुःखाची लाज वाटावी. बुसायरस मागे पडल्यावर अनघाने विचारलं,

“बाबा, तुम्ही नुसती पहिलीच ओळ म्हणून थांबला असतात तर?”

“तर त्यांना खोटी गोष्ट मिळाली असती.”

“हो,” ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, “तुम्ही म्हणता ती जास्त छान आहे, हे मी तिथे बोलले नाही, यार. पण आहे.” सासऱ्याला यार म्हटल्याचं तिच्या लक्षातच आलं नाही. मीही आणून दिलं नाही.

आता घरी येऊन दहाबारा दिवस झालेत. परवा माझं विमान आहे. जाऊ इच्छिणाऱ्यांना एवढंच सांगेन: संग्रहालय जरूर बघा, दिवसभर ठेवा, पायांत मऊ बूट घाला. शेवटच्या काळोख्या दालनात सह्या वाचताना तुमच्या ओळखीचं एखादं नाव नसेल, तर तिथून लगेच निघू नका. थोडं उभे राहा. काचेवर सह्यांच्या मधे जी काळी जागा आहे, ती मला रिकामी वाटली नाही. खाणीत दिवा न्यावा आणि पलीकडे किती खोल आहे ते दिसू नये, तशी वाटली.

माझ्यापाशी काय उरलं म्हणाल, तर एक चाल. ती तिकडची राहिलेली नाही आणि पूर्णपणे माझीही नाही. तबकडी हातची गेली. एका बाईंना एका ओळीपुरतं वाटलं की आपण ऐकले गेलो, आणि पुढच्या ओळीत मी ते काढून घेतलं. माझ्याच दोन ओळी मला आता वेगळ्या लागतात. कुठे जायचे ते कुणाला न सांगे. नदीबद्दल लिहिलं होतं, अगदी तरुणपणी, फारसं न कळता.

इथवर लिहून झालं होतं. नात शाळेत, निखिल ऑफिसात, अनघा घरूनच काम करते म्हणून स्वयंपाकघरात लॅपटॉप आणि पोळ्या दोन्ही मांडून बसलेली. मी जेवणाच्या टेबलावर हे टंकत होतो. ब्लॉगवर चढवायचं तेवढं राहिलं होतं. तेवढ्यात दारावर वाजलं. या घराला बेल आहे, सगळे तीच वाजवतात. हे लाकडावर वाजलं. टक्, टक्, टक्.

अनघाने आणि मी एकमेकांकडे पाहिलं. मी उठलो.

दारात निळा स्वेटर. एका काखेत गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी लांबट, दुसऱ्या हातात ते पाकीट, पत्त्याची चिठ्ठी वर.

“फोन करायला हवा होता,” रूथबाई म्हणाल्या. “पण फोन केला असता तर मी आलेच नसते.”

“या ना. आत या.”

त्या दारातच थांबल्या. “आठवडाभर रेकॉर्ड ऐकली. आम्ही बरे होतो हो. डेल तर फारच चांगला होता. मला माहीत नव्हतं. मग वाटलं, आता झालं. पण भांडी घासताना डोक्यात तुमची चाल यायला लागली.” त्यांनी उजवा हात उचलून बोटं हलवली. “पहिली ओळ जमते. दुसरीला माझा हात खालीच जातो. दोन तास गाडीत म्हणत आले, तरी जातो. मला ती वर कशी न्यायची ते दाखवाल?”

गोधडीतून लहानसा कीबोर्ड निघाला. अनघाने पोळपाट सरकवून टेबलावर जागा केली, आणि माझ्या कानाशी येऊन पुटपुटली, “बाबा, नारळाची काल मी चटणी केली.”

शाल बॅगेच्या तळाशी होती, आणि बॅगेवर बसून मी तिला कुलूप लावलेलं होतं.

रूथबाईंनी खुर्ची ओढली, बोटं पट्ट्यांवर ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं, पहिल्या बाकावरची मुलगी बघते तसं. डस्टर नव्हता. मी अनघाच्या हातातलं लाटणं घेतलं आणि टेबलावर तीनदा वाजवलं.